शंभराची खूण

माझी आत्या टर्नर होती. भौतिकशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर एक वर्कशॉप आहे, तिथे तिने एकतीस वर्षं लेथ चालवला. वरच्या मजल्यावरची शिकलेली माणसं कागदावर काहीतरी आखून खाली पाठवायची आणि आत्या ते पितळेत नाहीतर पोलादात उतरवून वर पाठवायची. तिच्या हातचं काम पुन्हा मोजून बघायची तिथे पद्धत नव्हती. मी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ग्रंथालयात होते. घरी आम्ही तिघं, मी, बाबा आणि आत्या. घर बाबांच्या नावावर होतं, पण शब्द आत्याचा चालायचा, इतका की बाबाच कधी कधी बोलताना "ताईच्या घरात" म्हणून जायचे. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं.

हे सगळं सुरू झालं एका पिनेमुळे.

विभागाच्या दालनात पाहुण्यांसाठी एक यंत्र मांडायचं ठरलं होतं. प्रकाशाच्या वेगाच्या आसपास गेलं की वेगांची बेरीज कशी होते, ते हाताने फिरवून बघता यावं असं. आराखडा एका तरुण प्राध्यापकांचा होता. माणूस हुशार, पण कायम गाडी पकडायची असल्यासारखा. वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे घाईसाहेब म्हणत. अर्थात, त्यांच्या माघारी.

यंत्र दिसायला सोपं होतं. दोन हँडलं, दोन छोट्या तबकड्या. डाव्या हँडलने पहिला वेग लावायचा, उजव्याने दुसरा. आत पितळी गिअरचा एक जुडगा, जो दोन्ही हँडलांचे फेरे एकत्र करतो आणि वरच्या मोठ्या तबकडीवरचा काटा तेवढा फिरवतो. प्रकाशाचा वेग म्हणजे शंभर धरलेला. तिन्ही तबकड्यांवर शून्यापासून शंभरापर्यंत सारख्या अंतरावर खुणा. आत्याने ते यंत्र दोन महिन्यांत उभं केलं. गिअर इतके मऊ चालत की हँडल करंगळीने फिरायचं.

पण डावीकडे साठ आणि उजवीकडे साठ लावले की मोठा काटा शंभर ओलांडून पुढे जायचा. जाणारच. साठ आणि साठ एकशेवीस. तेव्हा घाईसाहेबांनी खाली चिठ्ठी पाठवली: मोठ्या तबकडीवर शंभराच्या खुणेपाशी चार मिलिमीटरची पोलादी पिन बसवावी, म्हणजे काटा तिथे अडेल.

आत्या चिठ्ठी घेऊन वर गेली. तिने विचारलं, साठ आणि साठला शंभर, तसंच नव्वद आणि नव्वदलाही शंभरच का? घाईसाहेब म्हणाले की जगात काहीही शंभराच्या पुढे जात नाही, पाहुण्यांना तेवढं कळलं तरी पुष्कळ झालं. आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. आत्या खाली आली आणि तिने पिन बसवली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख यंत्र बघायला आले. त्यांनी डावीकडे साठ लावले आणि उजवं हँडल फिरवायला घेतलं. उजवीकडचा काटा चाळिसावर आला तेव्हा वरचा काटा पिनेला टेकला. प्रमुखांना साठ लावायचे होते, त्यांनी जोर केला. आतून कट्‌ असा आवाज आला, आणि हँडल एकदम सैल पडलं.

मधल्या गिअरचे तीन दाते गेले होते. आत्याने झाकण काढलं, तुकडे वेचून तळहातावर घेतले आणि खाली निघून गेली. तिच्या कामातलं काही तुटण्याची इतक्या वर्षांतली ती पहिली वेळ. त्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "दाते तुटले याचं काही नाही रे, नवे कापता येतात. पण भिंतीवर आपटून थांबणं वेगळं आणि मुळातच पोचता न येणं वेगळं. यातलं त्यांना काय दाखवायचंय, ते त्यांनाच माहीत नाही असं वाटतं मला."

बाबा बस चालवायचे. त्यांच्या मते यात डोकं शिणवण्यासारखं काही नव्हतं. बस ताशी चाळीसने चालली आहे, कंडक्टर मागून पुढे ताशी चारने चालत आला, तर रस्त्यावरच्या माणसाला तो चव्वेचाळीसने जाताना दिसणार. बस कितीही जोरात पळवा, बेरीज ती बेरीजच.

आत्यालाही तसंच वाटत होतं. म्हणूनच ती मोठ्या सरांकडे गेली.

मोठे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आठवड्यातून दोन दिवस ते तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत येऊन बसत. डावा हात थरथरायचा, म्हणून तो कोटाच्या खिशात ठेवून उजव्याने लिहायचे. आत्याला ते बाई म्हणत. विभागातले बाकीचे तिला नुसतं "वर्कशॉप" म्हणून फोन लावायचे.

आत्याने बाबांची बस त्यांच्यापुढे मांडली. सर म्हणाले, तिथेसुद्धा बरोबर चव्वेचाळीस होत नाहीत, किंचित कमी होतात. किती कमी, असं आत्याने विचारल्यावर ते म्हणाले की तुमच्याकडच्या सगळ्यात बारीक मापालाही कळणार नाही इतकं. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. आत्याचा सगळा जन्म केसाच्या दहाव्या हिश्शाशी झगडण्यात गेलेला. मापाला कळत नाही म्हणजे नाहीच, असं ती कधी मानत नसे. ती तिथेच स्टूल ओढून बसली.

तिथून पुढे तीन आठवडे, मंगळवारी आणि शुक्रवारी चहाच्या सुट्टीत, आत्या तिसऱ्या मजल्यावर.

सरांनी तिला सूत्र दिलं नाही. त्यांनी दिवा दिला, म्हणजे कल्पनेतला. ते म्हणाले, समजा तुम्ही इथे उभ्या आहात आणि दर सेकंदाला दिवा एकदा लुकलुकवता. एक माणूस तुमच्यापासून साठच्या वेगाने लांब चालला आहे. त्याला तुमचा दिवा किती सेकंदांनी लुकलुकताना दिसेल?

आत्याने हिशेब केला. तो लांब जातोय, म्हणजे प्रत्येक लुकलुकीला आधीच्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागणार. आकडेमोड करून तिने अडीच सेकंद सांगितले. सर म्हणाले, तुमच्या घड्याळाने अगदी बरोबर. पण तो स्वतःचं घड्याळ बघतोय, आणि धावणाऱ्याचं घड्याळ तुमच्या हिशेबाने सावकाश चालतं. त्या वेगाला तुमच्या पाच ठोक्यांत त्याचे चारच पडतात. म्हणून तुमचे अडीच त्याच्याकडे दोन होतात.

हे काही आत्याच्या गळी उतरलं नाही. तिने विचारलं, त्याचं घड्याळ बिघडलेलं आहे का? सर म्हणाले, उत्तम आहे. त्याची नाडीही तेवढीच सावकाश चालते, आणि गंमत म्हणजे त्याच्या हिशेबाने तुमचंच सगळं सावकाश चाललेलं असतं. आत्या उठून उभी राहिली. घरी येऊन मला म्हणाली, अगं, इतका मोठा माणूस, समोर बसून असं काही सांगतो तेव्हा काय करायचं? नाही म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही.

पुढच्या शुक्रवारी सरांनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. ऐन तिशीत असताना त्यांनी याच इमारतीच्या तळघरात एक मापन केलं होतं. आकाशातून सतत खाली येणारे काही बारीक कण असतात. त्यांना थांबवून ठेवलं तर ते डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपून जातात, इतके लवकर की वरून जमिनीपर्यंत पोचायला त्यांना वेळच मिळू नये. पण ते पोचतात, कारण ते प्रकाशाच्या खालोखाल वेगाने धावत असतात आणि त्यांचं घड्याळ सावकाश चालतं. सरांनी ते आठ महिने मोजले होते. पानापानावर तारखा, आकडे, खाडाखोड. कण मोजायच्या उपकरणाची पितळी चौकट याच वर्कशॉपमधल्या त्या काळच्या टर्नरने करून दिली होती. आत्या त्याच्याच हाताखाली शिकली होती.

तिने वह्या घरी आणायची परवानगी मागितली. दोन दिवस रजा टाकून ती बसली आणि पानं उलटत राहिली. तिला त्यातलं गणित येत नव्हतं, पण कुठला माणूस आकडे मनाने टाकतो आणि कुठला खरोखर मोजतो हे तिला अक्षरावरून कळायचं. वह्या मिटून तिने बाबांना सांगितलं, "घड्याळ सावकाश चालतं. सरांनी मोजलंय." बाबांनी हात टेकले. ताईला पटलं म्हटल्यावर विषय संपला.

तिथून गोष्टी सरळ होत गेल्या. साठने जाणाऱ्याला लुकलुक दुप्पट अंतराने दिसते. मग सरांनी तिसरा माणूस आणला, जो दुसऱ्यापासून साठने पुढे पळतोय. दुसऱ्याने असं करायचं, की आत्याची लुकलुक दिसली की त्याच क्षणी आपलाही दिवा लुकलुकवायचा. आत्याचा प्रकाश आणि त्याचा प्रकाश तिथून पुढे बरोबरीने जाणार, कारण दिवा कुणाचाही असो, उजेडाचा वेग एकच. दुसरा दर दोन सेकंदांनी लुकलुकवतो. तिसऱ्याला ते किती सेकंदांनी दिसेल? दुप्पट, म्हणजे चार. पुढच्या मंगळवारी तिसऱ्याचा वेग किती ते काढू, म्हणून सर थांबले.

मी त्या सोमवारी सकाळी कपाटाची मोडकी किल्ली दुरुस्त करून घ्यायला खाली गेले होते. आत्या लेथचे गिअर बदलत होती. आटे पाडायचे तर लेथला वेगवेगळ्या गिअरच्या जोड्या लावाव्या लागतात. तिने दुपटीची एक जोडी लावली, तिच्यापुढे दुपटीची दुसरी, आणि हात तसाच ठेवून थांबली. मला वाटलं बोट अडकलं. मी हाक मारली तर म्हणाली, "दोन जोड्या दुपटीच्या लावल्या की शेवटचं चाक चौपट फिरतं. दोन आणि दोन मिळवायचे नसतात, दोनाला दोनने गुणायचं असतं."

मला वाटलं हे कारागिरीतलं काहीतरी आहे. मी मान डोलावली.

ती किल्ली तशीच माझ्या हातात ठेवून तिसऱ्या मजल्यावर गेली. मंगळवार उजाडायची वाट बघणं तिला शक्यच नव्हतं. सर सोमवारी येत नसत. मग ती खाली आली, आणि टेबलाच्या खणातून तिने उमेदवारीच्या काळातली स्लाइड रूल काढली. कॅल्क्युलेटर यायच्या आधी गुणाकार करायला ही लाकडी पट्टी वापरत. एका पट्टीवर दुसरी सरकते. सरकवताना आपण खरं तर लांबीला लांबी जोडतो, पण खुणा अशा काही अंतरावर कोरलेल्या असतात की उत्तर गुणाकाराचं मिळतं. आत्याने ती पट्टी पुढेमागे सरकवली, यंत्राच्या तुटक्या गिअरकडे बघितलं, आणि दिवसभर जेवायलाही उठली नाही.

मंगळवारी ती सरांच्या खोलीत शिरली तेव्हा मीही मागे होते. मला ती ओढूनच घेऊन गेली होती, साक्षीदार म्हणून. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, यंत्र बरोबर आहे. तबकड्या चुकल्यात."

सरांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. ती म्हणाली, गिअर फेऱ्यांची बेरीज करतात, ती करू द्यात. पण तबकडीवर खुणा स्लाइड रूलसारख्या कोरायच्या. साठची खूण ज्या कोनावर, त्याच्या दुप्पट कोनावर चौपट लुकलुकीचा वेग, तिप्पट कोनावर आठपटीचा. फक्त कुठल्या पटीला कुठला वेग ते तुम्ही सांगा, मी कोरते.

सरांनी चष्मा काढला. डावा हात खिशातून बाहेर आला होता आणि टेबलावर थरथरत होता, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मग म्हणाले, "बाई, हे पुस्तकांत आहे. मी चाळीस वर्षं मुलांना सूत्र शिकवलं. वरती बेरीज करा, खाली अमुकने भागा. पण एक साधं बेरजेचं यंत्र हेच उत्तर देऊ शकतं, हे मला जन्मभर दिसलं नाही."

मग त्यांनी कोष्टक मांडलं. पटीचा वर्ग करायचा. वर त्यातून एक वजा, खाली एक अधिक. दुपटीचे चार, म्हणून पाचातले तीन, म्हणजे शंभरातले साठ. चौपटीचे सोळा, म्हणून सतरातले पंधरा, ते अठ्ठ्याऐंशी. साठ आणि साठ मिळून अठ्ठ्याऐंशी. आठपटीला पासष्टातले त्रेसष्ट, सत्त्याण्णवच्या किंचित आत. सोळापटीला नव्व्याण्णवच्या थोडं वर.

आत्या त्या आकड्यांकडे बघत राहिली. "वरचा खालच्यापेक्षा कायम दोनच कमी," ती म्हणाली. "दोनच. पण कायम."

"कायम," सर म्हणाले.

त्या दिवशी जिना उतरतानाचा तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पन्नाशी उलटलेली बाई, हातावर तेलाचे डाग, आणि चेहऱ्यावर एखादं बंद दार आपोआप उघडल्यासारखं काहीतरी.

घाईसाहेबांना तबकड्या बदलायचं सांगणं हे मात्र वेगळंच काम होतं. त्यांना वाटलं म्हाताऱ्या सरांनी नसता उपद्व्याप मागे लावून दिला. पण त्यांनी कोष्टक बघितलं, आणि माणूस मुळात हुशार असल्यामुळे त्यांना सगळं एकदम दिसलं. कान लाल झाले त्यांचे. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की हे किती दिवसांत होईल. आत्या म्हणाली, घाई केली नाही तर लवकर होईल.

नव्या तबकडीवर सुरुवातीच्या खुणा जवळजवळ सारख्या अंतरावर येत होत्या. दहा, वीस, तीस. म्हणून तर रोजच्या जगात साधी बेरीज चालून जाते, बाबांच्या बसमध्येही. पुढे मात्र खुणा फाकत जायच्या. साठची खूण साठ अंशांवर धरली तर नव्वदची सव्वाशेच्या पुढे, नव्व्याण्णवची दोनशेएकोणतीसवर.

तबकडी अर्धी कोरून झाली असताना विभागप्रमुखांचा निरोप आला. शंभराची खूण ठळक हवी, लाल रंगात. पाहुणे तीच शोधणार. घाईसाहेब निरोप घेऊन खाली आले. आत्याने हातातलं काम थांबवलं आणि अगदी साध्या सुरात विचारलं, "किती अंशांवर कोरू?"

यात टोमणा नव्हता. तिला खरंच आकडा हवा होता. घाईसाहेब तिथेच स्टुलावर बसले, तिच्याकडून पेन्सिल घेतली आणि गणित करायला लागले. नव्व्याण्णवपासून नव्व्याण्णव पूर्णांक नऊ दशांशांपर्यंत जायला जवळजवळ शंभर अंश. त्यापुढे आणखी एक नऊ लावायला पुन्हा शंभर. आणखी एकाला पुन्हा तेवढेच. कागद भरला. त्या दिवशी त्यांनी एकदाही मनगटाकडे बघितलेलं मला दिसलं नाही. मी तिथे त्यांच्याकडचीच ग्रंथालयाची पुस्तकं परत मागायला गेले होते, मुदत उलटून गेलेली.

अखेर ते म्हणाले, "असा अंशच नाही."

"मग कुठे कोरू?"

"कोरू नका. मी सांगतो वर जाऊन."

आणि ते खरोखर गेले. प्रमुखांशी त्यांची तासभर वादावादी झाली, असं शिपायाने सांगितलं. आवाज जिन्यापर्यंत येत होता. लाल खुणेचा निरोप पुन्हा आला नाही. संध्याकाळी घाईसाहेब परत खाली आले आणि त्यांनी आत्याला विचारलं की काटा एक फेरा पूर्ण करून पुढे गेला तर काय करायचं. दोघांनी मिळून ठरवलं की काट्याला मोकळं फिरू द्यायचं आणि वर फेरे मोजणारी एक छोटी तबकडी बसवायची. पिनेचं भोक आत्याने पितळ भरून बुजवलं, घासून असं सपाट केलं की बोट फिरवून सापडू नये.

कोरीवकाम नऊ दिवस चाललं. एक खूण चुकली तर सगळी तबकडी फेकावी लागली असती. त्या नऊ दिवसांत आत्याने सकाळचा चहा सोडला, हाताला कंप नको म्हणून.

दालन उघडलं त्या सकाळी मोठ्या सरांनी पहिल्यांदा हँडल धरावं असं घाईसाहेबांनीच सुचवलं. सरांनी डावा हात खिशातून काढला आणि मुद्दाम त्याच हाताने डावीकडे साठ लावले. हँडल इतकं हलकं होतं की त्याने थरथरत्या हाताचंही ऐकलं. उजवीकडे साठ. मोठा काटा सरकत जाऊन अठ्ठ्याऐंशीवर स्थिरावला. मग त्यांनी दोन्ही शून्यावर आणले आणि दहा आणि दहा लावले. काटा वीसच्या केसभर अलीकडे थांबला. सर वाकून, डोळा तबकडीला चिकटवून तो केस बघत राहिले. मागे रांग वाढत गेली.

पाहुण्यांमधल्या एक बाई बराच वेळ हँडल फिरवत होत्या. फेरे मोजणारा छोटा काटा पाचावर गेला. शेवटी दमून त्यांनी विचारलं की शंभर कुठे आहे. घाईसाहेबांनी आत्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "जागा यांच्याकडे मागा. मला दिली नाही." आत्या इतकी संकोचली की तिने खांबामागे उभं राहून उरलेला कार्यक्रम बघितला. त्या यंत्रावर घाईसाहेबांनी पुढे एक लेख लिहिला. त्यावर दोघांची नावं आहेत, आत्याचं आधी. तो अंक माझ्या ग्रंथालयात आहे, आणि मी तो कुणाला घरी नेऊ देत नाही.

पुढच्या वर्षीपासून या विषयाचा पहिला तास आत्याने घ्यायचा असं ठरलं. तिने आधी साफ नकार दिला. मग एवढीच अट घातली की वर्ग खाली वर्कशॉपमध्ये यायचा, ती वर जाणार नाही. निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं तो तास लेथशेजारी झाला. मुलं उभी राहायची, घाईसाहेब सगळ्यांत मागे वही घेऊन.

पहिल्याच वर्षी एका मुलीने तिला अडवलं. तिने विचारलं, मी मधे उभी आहे. एक जण माझ्या डावीकडे साठने चाललाय, एक उजवीकडे साठने. एका सेकंदात दोघांमधलं अंतर माझ्या मापाने एकशेवीसच्या हिशेबाने वाढतं. हा आकडा चूक की बरोबर?

घाईसाहेबांनी मागून काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत्या म्हणाली, "मला आज माहीत नाही. गुरुवारपर्यंत वेळ दे."

ती सरांकडे गेली नाही. घरी जेवणाच्या टेबलावर तिने एक मिठाची डबी आणि दोन वाट्या मांडल्या. मग ती वाट्या सरकवत राहिली. बाबांनी एक वाटी जेवणासाठी मागितली तर मिळाली नाही. बुधवारी सकाळी दात घासताना तिने आतूनच मला हाक मारली आणि तोंडात ब्रश असताना काहीतरी सांगितलं, ज्यातलं मला अवाक्षर कळलं नाही. पण तिला सापडलं होतं एवढं मात्र कळलं.

गुरुवारी मी मुद्दाम तासाला गेले. आत्याने त्या मुलीला पुढे बोलावलं.

"तुझा आकडा बरोबर आहे," ती म्हणाली. "अंतर एकशेवीसनेच वाढतं, तुझ्या पट्टीने, तुझ्या घड्याळाने. पण तो त्या दोघांपैकी कुणाचा वेग नाही. कुणीही कुणाला एकशेवीसने जाताना बघत नाही. डावीकडच्याला स्वतःच्या घड्याळावर बघायला सांग, तो म्हणेल, उजवीकडचा अठ्ठ्याऐंशीने चाललाय."

"पण हे त्याने कशावरून खरं मानायचं?" मुलीने विचारलं.

"त्याला दिवा लावायला सांग. उजवीकडचा खरोखर त्याच्यापासून एकशेवीसने पळत असता, तर शंभराने जाणारा उजेड त्याला कधी गाठू शकला असता का?"

"नाही."

"आता तूच मधे उभी राहून बघ. तुझ्या शेजारून उजेड जातोय शंभराने, आणि उजवीकडचा पुढे पळतोय साठने."

मुलीने लेथच्या चाकाकडे बघितलं. "म्हणजे पोचतो," ती म्हणाली.

"पोचतो. लुकलुक चौपट अंतराने दिसते त्याला, पण पोचतो," आत्या म्हणाली, आणि पुढच्या मुलाला म्हणाली की लेथच्या पट्ट्यापासून जरा लांब उभा राहा.